चाव्यांच्या बाईचं हसू

मावशीला हसू आलं की ती उठून स्वयंपाकघरात जायची. नळ सोडायची, तोंडावर टॉवेल दाबायची, खांदे गदगदा हलवत पोटभर हसून घ्यायची आणि मग डोळे पुसून, जणू कप विसळायलाच आत गेली होती अशा थाटात बाहेर यायची. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिचा हाच क्रम चालला होता. आपल्याच घरात चोरून रडणाऱ्या बायका पुष्कळ असतात, चोरून हसणारी ही एकच. पण कारण ऐकलंत तर तुम्हीही म्हणाल, बरोबर आहे बिचारीचं. ती आणि तिचा नवरा तरी तसंच समजत होते, आणि दोघांचंही साफ चुकत होतं.

मावशी म्हणजे भिंगरीची सख्खी मावशी नव्हे, सावत्र आई. पहिल्याच भेटीत पोरीने तिला मावशी म्हटलं आणि तेच पुढे चालू राहिलं, तेव्हा आपणही मावशीच म्हणू. भिंगरी दुसरीत होती. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून हे नाव. शाळेच्या पटावरचं नाव हाक मारायला कुणी वापरतच नसे. तिची आई ती रांगत होती तेव्हाच गेली. वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस भला, पण बोलण्याच्या बाबतीत फार काटकसरी. गिऱ्हाइकाला ‘आता कसं दिसतंय’ एवढं विचारलं की त्याचा दिवसभराचा शब्दांचा साठा संपायचा.

मावशीचा धंदा नेमका उलटा, आवाजाचा. लिफ्टमध्ये ‘दार बंद होत आहे’ असं जी सांगते ती मावशी. फोनवर ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणून जी माणसाचा अंत पाहते, तीही मावशीच. भिंगरीला याचा कोण अभिमान! लिफ्टमध्ये शिरलं की ती परक्या माणसांना सांगायची, “ही आमची मावशी बोलतेय.” माणसं आधी छताकडे बघायची, मग शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे, आणि मावशी लाजून आपल्या बुटांकडे.

फक्त एक काम भिंगरीला सांगितलेलं नव्हतं. मावशी तरुण होती, धंद्यात नवी होती, तेव्हा तिने एका कार्टून सिनेमाला आवाज दिला होता. सिनेमा बाहेरचा, तो आपल्या भाषेत आणायचा होता. डोंगरातली एक पाणचक्की, तिथे राहणारी एक मुलगी, तिचं लंगडं बदक आणि प्रत्येक गोष्टीत अक्कल शिकवणारी एक चिचुंद्री. मुलीचा बाप दुसरं लग्न करतो आणि घरात येते एक उंच, काळ्या कॉलरची बाई, कमरेला चाव्यांचा भलामोठा जुडगा. ती रोज एकेक खोली कुलूपबंद करत जाते, शेवटी खिडक्यासुद्धा, आणि घरात मिट्ट काळोख झाला की हसते. ही चाव्यांची बाई म्हणजे आपली मावशी. सिनेमा तेव्हा तुफान चालला आणि नंतरही चालतच राहिला. त्या हसण्याने दोन पिढ्यांची झोप उडवली होती.

आता खरी गंमत ऐका. ते हसू मावशीने काही केलेलं नव्हतं. स्टुडिओत माइकसमोर उभं राहून तिने नाना तऱ्हेची राक्षसी हसणी हसून दाखवली, आणि डबिंग करून घेणाऱ्या मास्तरांना एकही पसंत पडेना. “खोटं वाटतंय, बाई. हे तर सर्दी झालेल्या शेळीसारखं वाटतंय,” असं म्हणत ते रागारागाने खुर्चीत बसले. खुर्ची घडीची होती. ती मिटली आणि मास्तर पाय वर करून जमिनीवर. मावशी जी हसत सुटली ती थांबेचना. खालून सुरू होऊन जिने चढत वर जाणारं, मध्येच श्वास अडकणारं, पुन्हा खाली कोसळणारं ते तिचं स्वतःचं, आईच्या पोटातून आणलेलं हसू. रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं होतं. मास्तर जमिनीवरूनच ओरडले, “हेच! हेच ठेवा!”

म्हणजे जगातल्या सगळ्या मुलांना घाबरवणारं हसू हेच तिचं खरं हसू होतं. दुसरं तिच्याकडे नव्हतंच. आणि आता ती एका मुलीची सावत्र आई झाली होती.

लग्न ठरलं तेव्हा शेजारच्या काकूंनी भिंगरीला कौतुकाने सांगितलं, “तुला नवी आई येणार हं, सावत्र!” भिंगरीने वडिलांना विचारलं, “सावत्र म्हणजे सिनेमात असते तशी?” चष्मेवाल्याने ‘नाही गं’ एवढंसुद्धा म्हटलं नाही, नुसतं तिच्या डोक्यावर थोपटलं, आणि रात्री मावशीला फोनवर सांगितलं, “थोडे दिवस जाऊ देत. तोवर तिला कळू नये.” घरातल्या कार्टूनच्या सगळ्या डिस्क त्याने पिशवीत भरून भावाकडे पोचवल्या. हसण्याचा विषय मावशीनेच काढला. तो म्हणाला, “हो, तेही जरा सांभाळ.”

थोडे दिवस जातच राहिले. झाकली मूठ झाकलेलीच राहिली आणि ‘आता कळू दे’ असं म्हणायचा दिवस काही उजाडेना. मावशी टॉवेलात हसत होती. भिंगरी मात्र भलतीच चौकस. जेवताना एखादा विनोद सांगायची आणि मावशीच्या तोंडाकडे टक लावून बघायची. मावशी ओठ दाबून म्हणायची, “छान आहे हं,” आणि उठून आत जायची. तेव्हा पोरीचा चेहरा उतरायचा, पण आत नळापाशी असल्याने ते मावशीला कधी दिसलं नाही.

शाळेत एका शनिवारी पालकांसह सिनेमा होता. वर्गाच्या बाई हौशी. जुने कार्टून सिनेमे मुलांना किती शिकवतात यावर त्यांचा फार विश्वास. चष्मेवाल्याने आधी चौकशी करून ठेवली होती. “अस्वलाचा आहे,” तो मावशीला म्हणाला. “सावत्र-बिवत्र कुणी नाही. निर्धास्त जा.”

निर्धास्त गेली बिचारी. पालकांना बसायला मुलांच्याच खुर्च्या दिल्या होत्या. मावशी मागच्या रांगेत गुडघे हनुवटीला लावून बसली. भिंगरी सगळ्यात पुढे. पडदे ओढले, दिवे घालवले, आणि अस्वल काही सुरू होईना. बाईंनी डिस्क पुसली, फुंकली, उलटी घातली. शेवटी त्या म्हणाल्या, “असू दे. कपाटात आणखी एक आहे, माझा लहानपणीचा लाडका!”

पडद्यावर डोंगर आले, पाणचक्की आली, लंगडत लंगडत बदक आलं. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं.

ती उठली तशी गुडघ्याने समोरची खुर्ची ढकलली गेली, तिच्यावरचे आजोबा दचकले. तशीच वाकून, अंधारात चाचपडत ती बाईंजवळ गेली आणि ओळखू येऊ नये म्हणून आवाज घोगरा करून कुजबुजली, “भिंगरीला न्यायला हवं. दातांच्या डॉक्टरकडे.”

“आत्ता?” बाई म्हणाल्या. “सिनेमा संपला की जा की हो. दात काय पळून जाणारेत? आणि तुमच्या घशाला काय झालं?”

“मावशी,” पुढून भिंगरीचा आवाज आला, “बस ना खाली! मागच्यांना दिसत नाहीये.”

मावशी परत येऊन बसली. तिला हुंदकाच फुटायचा बाकी होता. इतके दिवस तळहाताच्या फोडासारखं जपलेलं आता चारचौघांत फुटणार होतं. पोरगी एकदा का घाबरली की संपलं. जेवताना आपल्याकडे बघेल ती चाव्यांच्या बाईकडे बघितल्यासारखी, रात्री खोलीचं दार लावून घेईल, आणि आपण त्या दाराबाहेर दुधाचा पेला घेऊन उभं राहायचं. तरी एक आशा होती. हसू सिनेमाच्या शेवटाकडे येतं. तोवर वीज गेली तर? आग लागली तर? फार मोठी नको, लहानशीच.

पडद्यावर दार करकरलं. काळी कॉलर दिसली, चाव्या खणखणल्या. लहान मुलं एकमेकांना चिकटली. चाव्यांच्या बाईने घरभर नजर फिरवली आणि म्हणाली, “हं, तर.”

भिंगरीने गर्रकन मान वळवून मागे पाहिलं. अंधारात, इतक्या डोक्यांमधून, नेमकं मावशीकडेच.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. परदेशातून आलेल्या सिनेमात पडद्यावरचे ओठ एका हिशोबाने हलतात आणि आपलं वाक्य दुसऱ्याच हिशोबाने संपतं. ओठ हलतायत आणि शब्द नाहीत असं झालं की आवाज देणारा काहीतरी बारीकसं घुसडून देतो. मावशीने जिथे जिथे जागा मिळाली तिथे ‘हं, तर’ घुसडलं होतं, कारण ते तिच्या तोंडातच होतं. आणि ते अजूनही तिथेच होतं. “हं, तर, डबा घेतलास का?” “हं, तर, दात घासले का?” “हं, तर, झोपायचं आता.” रोज सकाळ-संध्याकाळ पोरगी हेच ऐकत होती. मावशी इतके दिवस हसू कोंडत बसली आणि हे तिच्या ध्यानीमनीही आलं नाही. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, दुसरं काय!

भिंगरी पुन्हा पुढे वळली. मग तिने मागे पाहिलंच नाही. मावशीला तिची फक्त पाठ दिसत होती, आणि पाठीवरून कुणाला काय कळतं? पडद्यावर एकेक खोली बंद होत गेली. चिचुंद्री उपदेश करून थकली. शेवटी खिडक्या बंद झाल्या, काळोख झाला, आणि ते हसू सुरू झालं.

खोली शहारली. पुढच्या रांगेतली एक घाऱ्या डोळ्यांची मुलगी भोकाड पसरून रडायला लागली. मावशीने डोळे घट्ट मिटून घेतले. मांजरालाही डोळे मिटले की आपण कुणाला दिसत नाही असं वाटतं. तिने डोळे उघडले तेव्हा भिंगरी त्या रडणाऱ्या मुलीच्या कानात काहीतरी सांगत होती. मुलगी रडायची थांबली. तिने मागे वळून पाहिलं. मग तिच्या शेजारच्याने पाहिलं. मग पूर्ण रांग वळली, तिच्या मागची रांग वळली, आणि सिनेमातलं बदक जिवावर उदार होऊन चावी पळवत असताना अर्धा वर्ग पडद्याकडे पाठ करून मावशीकडे बघत होता. समोरचे आजोबाही चष्मा सावरून वळले. मावशीला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

दिवे लागले. बाई टाळ्या वाजवत पुढे आल्या. “हं मुलांनो, या सिनेमातून आपण काय शिकलो?”

हात भराभर वर झाले. एक म्हणाला, चाव्या एकाच जुडग्यात ठेवू नयेत. एक म्हणाली, बदक लंगडं असलं तरी पोहता येतं. एकाने सांगितलं की चिचुंद्रीसारखं सारखं सारखं शिकवू नये, आणि बाईंनी घाईने पुढच्याकडे बोट केलं. त्यांना ‘शेवटी चांगल्याचंच चांगलं होतं’ असं काहीतरी हवं होतं. पण ते कुणी देईना.

भिंगरी उभी राहिली.

“चूक बाबांची आहे,” भिंगरी म्हणाली.

“कुणाच्या बाबांची?” बाई गोंधळल्या.

“सिनेमातल्या. ते दोघींना घरात सोडतात आणि पीठ विकायला जातात. एकदम शेवटीच येतात. त्या मुलीला कुणी सांगितलंच नाही की ही बाई कोण आहे, कशी आहे. आणि त्या बाईला कुणी विचारलं नाही की तुला इथे आवडतंय का. नवीन घरी आल्यावर विचारतात ना? बाबा काहीच बोलले नाहीत, म्हणून सगळं झालं.”

मागे एक-दोन बाबा खुर्चीत चुळबुळले.

“आणि बाई,” भिंगरीने मागे बोट केलं, “त्या बाईला आमच्या मावशीने आवाज दिलाय. ती तिथे बसलीय. मी ‘हं, तर’वरूनच ओळखलं. लिफ्टमध्येपण तीच असते.”

लिफ्टमध्ये सांगायची तोच हा स्वर होता. मावशीने नीट ऐकला. त्यात भीतीचा मागमूस नव्हता, होती ती नुसती फुशारकी, आपल्या घरात कुणाकडे नाही ती वस्तू आहे अशी फुशारकी. मावशीचा जीव भांड्यात पडला. डोळे कारण नसताना भरून आले. कारण होतं म्हणा.

“खरंच तुम्ही?” बाईंचे डोळे विस्फारले. “अहो, तुमच्यामुळे मी तिसरीपर्यंत आईच्या कुशीत झोपले!”

“हसून दाखवा! हसून दाखवा!” मुलांनी गिल्ला केला. घाऱ्या डोळ्यांची मघाची रडवी सगळ्यात पुढे.

“असं हुकमावर कसं येणार?” मावशी म्हणू लागली आणि उभी राहिली. खुर्ची तिच्याबरोबर उभी राहिली. इतका वेळ गुडघे पोटाशी घेऊन बसल्यामुळे ती छोटी खुर्ची तिला घट्ट बसली होती. मावशीने मागे हात घालून चाचपलं, भिंगरीने ते पाहिलं आणि ती खिदळली. मग मात्र मावशीला आवरेना. टॉवेल नव्हता, नळ नव्हता. ते हसू सुटलं, जिने चढत गेलं, अडकलं, कोसळलं, पुन्हा चढलं. आणि गंमत म्हणजे कुणीच घाबरलं नाही. मुलं पोट धरून हसत होती, आजोबांनी मागून खुर्ची ओढून काढायला मदत केली, बाईंचा ‘सिनेमातून मिळणारी शिकवण’ हा फळ्यावरचा मथळा तसाच रिकामा राहिला.

घरी जाताना भिंगरीने मावशीचा हात धरला होता आणि ती दर चार पावलांनी उडी मारत होती. मध्येच ती थांबली.

“मावशी, तुला इतकं मोठ्याने हसता येतं?”

“येतं की.”

“मग घरी का नाही हसत? मी किती विनोद पाठ केले तुझ्यासाठी. तू नुसतं ‘छान आहे हं’ म्हणतेस आणि आत जातेस.”

मावशी रस्त्यातच उभी राहिली. “मला वाटलं, तू मला घाबरशील. त्या बाईचा आवाज ओळखशील आणि...”

“मला वाटायचं तुला आमच्याकडे आवडत नाही,” भिंगरी म्हणाली. “आत जाऊन रडतेस असं वाटायचं. टॉवेल ओला असायचा ना. मला वाटायचं, एक दिवस तू जाणार.”

मावशीने फुटपाथवरच खाली बसून पोरीला जवळ घेतलं. ज्या भीतीपासून पोरीला वाचवायचं म्हणून हा सगळा खटाटोप, तिच्याहून मोठी भीती त्या खटाटोपानेच तिच्या मनात घातली होती. आणि एवढंसं लेकरू ती पोटात घेऊन रोज नवा विनोद पाठ करत होतं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

“मी कुठेही जाणार नाही,” मावशी म्हणाली. “मला तुमच्याकडे फार आवडतं. तो अंड्यांचा विनोद तर इतका आवडला की हसून हसून माझं पोट दुखलं होतं. त्या दिवशी आत पाणी किती वाया घालवलं मी.”

“खरंच?”

“अगदी.”

“मग तो पुन्हा सांगू?”

तिने सांगितला. विनोद तसा बेताचाच होता. मावशी रस्त्यात बसून इतकी हसली की समोरच्या दुकानातला न्हावी कात्री घेऊन बाहेर आला.

चष्मेवाला दुकानात एका म्हातारीचे डोळे तपासत होता. तिच्या नाकावर तपासणीची जड चौकट चढवलेली होती आणि ती फळ्यावरची अक्षरं वाचत होती. दोघी आत आल्या, भिंगरी सरळ गल्ल्यासमोर जाऊन उभी राहिली.

“बाबा, तुम्ही पीठ विकायला गेला होतात.”

“कुठे?” चष्मेवाला म्हणाला. त्याने मावशीकडे बघितलं, आणि मावशीला पुन्हा हसू फुटलं, भर दुकानात, मोकळं. त्याने भिंगरीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, ओठांवर बोट ठेवलं.

“तिला माहितीये,” मावशी कशीबशी म्हणाली. “सगळं माहितीये. अस्वल लागलंच नाही.”

“बाबा,” भिंगरी म्हणाली, “मावशी घरी हसत नाही हे तुम्हाला दिसत नव्हतं?”

“दिसत होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

चष्मेवाल्याने हातातली काच कपड्याने पुसली, पुन्हा पुसली. शब्दांचा साठा नेहमीप्रमाणे संपला होता. पण आज त्याने तळाशी हात घालून आणखी चार काढले. “मला वाटलं, तिचं हसू ऐकून तुला भीती वाटेल.”

“ती हसत नव्हती तेव्हा वाटायची,” भिंगरी म्हणाली.

म्हातारी चौकट नाकावर घेऊन तशीच बसली होती. पुढची ओळ वाचायची तिलाही घाई नव्हती. चष्मेवाला गल्ल्याच्या मागून बाहेर आला. “चुकलं माझं,” तो आधी लेकीला म्हणाला, आणि मग वळून मावशीलाही तेच म्हणाला. मग दुकानात मधोमध उभं राहून, लग्नानंतर इतक्या दिवसांनी, त्याने तिला विचारलं, “तुला आवडतंय ना गं आमच्याकडे?”